साळवेमामांचे ओहम

साळवेमामा कुणाच्याही घरी गेले की आधी शेगडीची विचारपूस करत. माणसांची नंतर. "या मामा, बसा," असं आपण म्हणेपर्यंत ते स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले असत आणि खांद्यावरच्या पिशवीतून मीटर बाहेर आलेलं असे.

"वहिनी, च्या मागनं. आधी प्लग काढा."

कॉइलच्या दोन टोकांना मीटरच्या दोन वायरी लावायच्या, काटा थरथरून थांबेपर्यंत श्वास रोखायचा आणि मग वैद्याने नाडी सोडावी तशा त्या सोडायच्या. "बावन्न. तब्येत झकास हाय." किंवा, कपाळाला आठी घालून, "एक्केचाळीस! कुनी तार तोडून परत जोडली हितं? रागीट झालीय ही. दूध उतू जातंय का न्हाई रोज?"

दूध रोज उतू जात असे. बाईचा चेहराच सांगे. मग मामा खूश होऊन चहा घेत, तोही दोन घोटांत, कारण पुढच्या घरची शेगडी वाट बघत असे.

परवा माझ्या नातीने मला सांगितलं की हल्ली सिगारेटऐवजी वाफ ओढायच्या कांड्या निघाल्यात. त्यात बारीकशी कॉइल असते आणि ओढणारे लोक तिच्या ओहमवरून भांडतात. ओहम कमी केले तर वाफ जाड येते, वाढवले तर चव चांगली लागते, असं काहीबाही. "आजी, तुला नाही कळायचं ते," असंही म्हणाली. मी म्हटलं, बये, हे भांडण मी नागापुरात नव्वदच्या दशकात करून बसलेय, आणि हरलेय.

तेव्हा आम्ही नागापूरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या खोल्यांत राहायचो. एका ओळीत बारा खोल्या, भाड्यातच लाईट धरलेली, त्यामुळे बाराही घरांत कॉइलची शेगडी. आमचे हे एका कारखान्यात सुपरवायझर. मी एकोणतीस वर्षांची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. सेकंड क्लास मिळाला होता, पण सांगताना तेवढा क्लास गाळायची. दाराबाहेर पाटी लावली होती, 'गणित व शास्त्र समजावून दिले जाईल.' कुणाला समजत नसलं तरी मी समजावून देत असे. दहावीच्या पाच-सहा मुली यायच्या. त्या नसल्या की गल्लीतल्या बायकांना प्रेशर कुकर का शिट्टी वाजवतो ते सांगायची. बायका मला लांबून बघितलं की धुणं उचलून आत जात. मला वाटे, काय त्यांची कामाची लगबग!

साळवेमामा शेवटच्या खोलीत एकटे राहत. पंचावन्नच्या आसपास वय, काटकुळे, सातवी शिकलेले. हिटरच्या कॉइली बनवणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये वीस वर्षं तार गुंडाळत होते. सायकलच्या स्पोकवर नायक्रोमची तार वेढ्याला वेढा चिकटवून अशी काही गुंडाळत की जणू यंत्रातून निघाली. पण कामावरून घरी आले तरी हात थांबत नसत. गप्पा मारताना अंगठा आणि तर्जनी हवेतच काहीतरी गुंडाळत. लग्नाला गेले तर सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला वेढत, वेढे मोजत, सोडत, परत वेढत. एका जागी पाच मिनिटं बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. बसले तर पाय हलायचा, पाय थांबला तर मान.

फक्त संध्याकाळी, पायरीवर, ते बसत. तेव्हा त्यांचा प्रयोग चाले. शेगडीवर अॅल्युमिनियमची किटली, किटलीच्या चोचीला हातभर रबरी नळी, नळीच्या टोकाला नरसाळं. पाण्यात निलगिरीच्या तेलाचे चार थेंब. डोक्यावरून चादर घेऊन मामा नरसाळ्यात तोंड घालत. गल्ली त्याला साळव्यांचा हुक्का म्हणायची. चादरीखालून निकाल बाहेर येई, "चावरी हाय. घशाला चावती." दुसऱ्या दिवशी नवी कॉइल. "आज आळशी हाय." तिसऱ्या दिवशी, "उतावळी. समदा वास पयल्या झपाट्यातच उडाला!"

सर्दी झालेली असो वा नसो, गल्लीतल्या प्रत्येकाने त्या चादरीखाली हजेरी लावली होती. माझीही पाळी आली. मामांनी त्या दिवशी पंचेचाळीस ओहमची कॉइल बसवली होती. मी बाहेर आले तेव्हा तोंड बिटासारखं झालेलं, काजळ गालांवर उतरलेलं. हे नेमके कामावरून आले आणि दारातच विचारते झाले, "कोण गेलं?"

"कशी हुती, बाई?" मामांनी विचारलं. मी शिकवण्या घेत असल्यामुळे ते मला बाई म्हणायचे आणि पुसून घेतलेल्या स्टुलावर बसवायचे.

"फार जाड होती, मामा."

"व्हय. मंजी तार आखूड पडली. आखूड तार, ओहम कमी, वाफ जाड. लांब तार, ओहम जास्त, वाफ बारीक. हळू येती, पन निलगिरी शेवटपत्तुर ऱ्हाती."

झालं. फिजिक्सचा अपमान! मी पदर खोचला.

"उलटं सांगताय तुम्ही मामा. रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते. सूत्रच आहे. ओहम जास्त, तर वाफ जाड."

"न्हाई हो बाई. तार लांब केली की शेगडी लालच हुत न्हाई. काळी ऱ्हाती."

"पुस्तकात लिहिलंय, मामा!"

मामांचा हलणारा पाय थांबला. मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पुस्तकात हाय?"

"पान काढून दाखवू?"

मी दाखवलंसुद्धा! पळत जाऊन पुस्तक आणलं आणि सूत्राखाली बोट ठेवलं. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "आमच्या बापाला शाळंच्या पायरीला शिवू देत न्हव्हते. शिकलेलं मानूस सांगंल ते ऐकायचं, असं तो मरस्तोवर सांगत हुता. मंग असंल बाई. माझ्याच हाताला उलटी सवय लागली असंल."

वीस वर्षं ज्या हातांनी तार गुंडाळली ते हात त्यांनी गुडघ्यावर ठेवून उलटेसुलटे करून पाहिले. आणि मी? मी त्या संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आज त्या एकोणतीस वर्षांच्या बयेला कुठे गाठता आलं तर चादरीखाली कोंबून पंचेचाळीस ओहमची वाफ देईन!

ही वाफ मामा स्वतःसाठी करत नव्हते, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं. ते शंभर ओहमची कॉइल गुंडाळून, कागदात बांधून निघाले होते. मी विचारलं कुठे, तर म्हणाले, "कर्जतला. शेवंताकडं."

शेवंतामामी म्हणजे त्यांची बायको. तिला दमा. एमआयडीसीतल्या भट्ट्यांचा धूर तिला सोसेना. एका हिवाळ्यात तीनदा दवाखान्यात ठेवावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब ठेवा. मामांची नोकरी इथे, भट्ट्याही इथे. म्हणून दोन वर्षांपासून ती कर्जतला भावाच्या घरी. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता, औषध तेच. वाफेने नुसतं नाक-घसा मोकळा वाटतो, एवढंच ते म्हणाले होते. पण पंप काय, कुणीही दुकानातून आणावा. वाफ मात्र मामांची होती. दर पंधरवड्याला सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी धरायची, कॉइल पोचवायची, संध्याकाळच्या एसटीने परत.

"तिकडं समद्यांच्या पान्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंय," ते सांगत होते. "हितली वाफ तिथं न्हाई येत. म्हनून दर खेपेला नवी करून बघतो. बघू, या बारीला तुमच्या पुस्तकाची."

ते गेले. आणि त्याच दुपारी शिकवणीतल्या एका मुलीने, नखं कुरतडत, मला विचारलं, "बाई, आमच्या शेगडीची कॉइल तुटली तर पप्पा पीळ मारून जोडतात. ती आखूड होते ना? मग जास्त लाल का होते?"

मी पुस्तक ओढलं आणि पान उलटलं.

सूत्र बरोबर होतं हो. पण प्रवाह तेवढाच राहिला तर. घरातल्या शेगडीत तो तेवढा राहत नाही. तार लांब केली की प्रवाहच घटतो आणि उष्णता खाली येते. पुस्तकात हे अगदी पुढच्याच पानावर होतं. ते पान मी शिकवताना नेहमी गाळायची, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.

त्या दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. शंभर ओहम म्हणजे निम्मी उष्णता, त्यात कर्जतचं पडकं व्होल्टेज. किटली नुसती कोमट होणार. मामी चादरीखाली धापा टाकतेय आणि नळीतून काहीच येत नाहीये, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. पोळी करपली. ह्यांना सांगितलं तर हे शांतपणे म्हणाले, "तू बिघडवलंस ना? मग तूच नीट कर." मी खोलीत फेऱ्या घालत होते. दर एसटीच्या आवाजाला दारात जात होते. एमआयडीसीच्या त्या रस्त्यावर एसट्या फार!

रात्री जेवायच्या वेळी मामा आले. मी पायरीवरच त्यांना गाठलं.

"मामा, वाफ आली का?"

"आली की."

"खरं सांगा."

"आली बाई. हळू आली."

"किती हळू?"

मामा कुलपात किल्ली फिरवत म्हणाले, "पानी तापायलाच अर्धा तास गेला म्हना ना."

अर्धा तास! मी तिथल्या तिथे कबुली दिली. पुढचं पान गाळलं होतं, तुमचे हात बरोबर होते, मी माती खाल्ली, सगळं. मामांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. हसू आवरल्यासारखे ओठ मुडपले आणि म्हणाले, "असू द्या. पुस्तकालाबी एखांद्या दिवशी ताप येतो."

"मग पुढच्या वेळी तुमची पन्नासची न्या."

"बघू."

हा 'बघू' मला काही पटला नाही. माझी खात्री झाली की माझा मान राखायला मामा पुन्हा शंभराचीच कॉइल नेणार. माझ्यासारख्या माणसाची माफी मागायची पद्धतही शिकवणीसारखीच असते; समोरच्याला हवी असो वा नसो, पूर्ण देऊनच उठायचं. मी ठरवलं, बरोबर कॉइल मी स्वतः करीन आणि स्वतः नेऊन बसवीन.

मामांकडून स्पोक आणि तार मागून घेतली. "कशापायी बाई तरास," ते म्हणत राहिले आणि मी गुंडाळत राहिले. तार बोटांत घुसायची, वेढे एकमेकांवर चढायचे. तीन रात्री गेल्या. चौथ्या प्रयत्नाला काहीतरी कॉइलसारखं दिसायला लागलं. मामांनी मीटर लावलं. "अठ्ठेचाळीस. दिसायला गांडूळ हाय, पन चालंल."

मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या खेपेला मामांबरोबर कर्जतच्या एसटीत बसले. मामा वाटभर अस्वस्थ. खिडकी उघड, खिडकी बंद. मिरजगाव गेल्यावर एकदा म्हणाले, "बाई, तुमी तिथं फार शास्तर सांगू नका." मी म्हटलं, "छे, छे, मी कशाला सांगते?"

मामांच्या मेव्हण्याचं घर माणसांनी भरलेलं होतं. मेव्हणा, त्याची बायको, म्हातारी सासू, चुलत सासरे, आला-गेला. मामांना जावई म्हणून ओट्यावर सतरंजी मिळाली. शेवंतामामी आत. किरकोळ, गोरीशी, जरा बोललं की थांबून श्वास घेणारी बाई. दोन आठवड्यांनी नवरा आलेला, पण बोलायची सोय कुठे? सासू दारातच बसलेली. मी दोन तास बघत होते. मामी आतून भावजयीला म्हणाली, "च्या घेनार का विचार." भावजयीने मामांना विचारलं. मामा चुलत सासऱ्यांकडे बघून म्हणाले, "घोटभर चालंल." जेवताना मामी वाढायला आली तेव्हा मामा ताटाला म्हणाले, "औषध घेतं का मानूस येळंवर?" मामी भाकरीला म्हणाली, "घेतंय." चोवीस महिन्यांचा संसार असा ताटाभाकरीच्या मध्यस्थीने चाललेला.

चार वाजता मामा उठले आणि जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाफंची येळ झाली."

मधल्या खोलीत शेगडी मांडली गेली. किटली, नळी, नरसाळं. मामीने पाटावर बसून डोक्यावरून मोठी गोधडी घेतली. मी पर्स उघडून पुढे सरसावले तोच मामांनी पिशवीतून कॉइल काढून बसवली. ती शंभर ओहमचीच होती. मी ओळखली, लांबच लांब. मी "अहो मामा..." म्हणेपर्यंत ते सासूला सांगत होते, "नळी धराया मानूस लागतंय. लांब धरली तर वाफ जाती, जवळ धरली तर पोळतंय. दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाई." आणि तेही गोधडीखाली गेले.

सासूने मान हलवली. औषधाचं काम. त्याला कोण नको म्हणणार?

भावजयीने माझा दंड धरून मला ओट्यावर आणलं. समोरच्या गल्लीत पिठाची गिरणी धडधडत होती, त्यामुळे ती माझ्या कानाशी बोलली.

"बाई, ती पुस्तकवाली कॉइल तुमची का?"

मी मान खाली घातली. "चुकून सांगितली हो. म्हणून तर ही दुसरी आणलीय. हिने पाच मिनिटांत वाफ येईल."

"ती पर्समदीच ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण..."

"आदीची वाफ धा-पंधरा मिन्टात आटपायची. किटली कोरडी, गोधडी काढायची, दाजी परत ओट्यावर. मागल्या खेपेला लई येळ लागला. पानी तापंस्तोवर दोगं आतच." ती जराशी हसली. "वन्सं त्या राती खोकल्या, पन मदीच हसायच्याबी. आत्याबाईंनी इचारलं, काय झालं गं? तर म्हनल्या, काई न्हाई."

मी पर्सची चेन लावली. मला शास्त्र सांगायची फार हुक्की आली होती, पण कोणतं सांगायचं तेच आठवेना.

तेवढ्यात गिरणी थांबली. लाईट गेली होती. धडधडीमागे दडलेले सगळे आवाज एकदम मोकळे झाले, आणि मधल्या खोलीतून गोधडीच्या आतलं बोलणं आमच्यापर्यंत येऊ लागलं. मामा बोलत होते. ओहमचा एक शब्द नाही, कॉइलचा नाही. चौथ्या खोलीतल्या बाईला मुलगी झाली, वर्कशॉपात मांजर व्यालीय, तुझी तुळस मी रोज पाणी घालून जगवलीय, बुद्धपौर्णिमेला खीर केली पण गूळ जास्त पडला. दोन आठवडे साठवलेलं सगळं. मग जरा थांबून, बायकी आवाज काढून, बोट नाचवत असणार अशा झोकात ते म्हणाले, "पुस्तकात लिवलंय, मामाऽ!"

हुबेहूब मी! गोधडी गदागदा हलली. मामी हसत होती. हसता हसता धाप लागली तसे मामा म्हणाले, "हळू. हळू घे. कुटं जायचंय?"

भावजय माझ्या तोंडाकडे बघत होती, मी चिडते की काय म्हणून. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, नाहीतर मीच हसले असते.

शेगडी केव्हाच थंड पडली असणार. साळवेमामांना लाईट गेल्याचं कळलं नसेल, हे तर शक्यच नव्हतं. पण गोधडी जागची हलली नाही. सासू दारात डुलक्या घेत होती. तिला वाटत होतं आत औषध चाललंय.

पाऊण तासाने गिरणी पुन्हा धडधडायला लागली. भावजय उठली, पावलांचा आवाज न करता मधल्या खोलीत गेली, आणि किटली पुन्हा तापायच्या आत शेगडीचं बटण बंद करून परत माझ्याजवळ येऊन बसली.